बारा कार्षापणांचे चीवर

१/
नाशिक शहराच्या नैर्ऋत्येस, मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला त्रिरश्मी नावाचा डोंगर उभा आहे. त्याच्या मध्यावर २४ लेण्यांची रांग आहे. लोक तिला पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा तिच्याशी काहीही संबंध नाही. यांतील दहाव्या लेण्याच्या ओसरीत, ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा एक हिशेब कोरलेला आहे. त्यात मुद्दल आहे, व्याजाचा दर आहे, ठेव कोणाकडे ठेवली त्यांचा उल्लेख आहे आणि लाभ कोणी घ्यायचा हेही आहे. बौद्ध धम्म म्हणजे काय, हे सांगणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. परंतु तो धम्म प्रत्यक्ष आचरणात कसा आणला जात होता, हे समजून घ्यायचे असेल, तर या हिशेबापासून आरंभ करणे सोयीचे पडते.

२/
लेख असा : ४२ व्या वर्षी वैशाख महिन्यात, दीनिकाचा पुत्र आणि क्षहरात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने हे लेणे संघाला दिले. त्यासोबत ३००० कार्षापणांची 'अक्षयनीवि', म्हणजे कधीही न मोडायची ठेव, दिली. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. एका श्रेणीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा १ या दराने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत मागायचे नाही, केवळ व्याज वापरायचे. हे सर्व निगमसभेत वाचून दाखवले आणि रीतीप्रमाणे नोंदवहीत चढवले, असेही लेखात स्पष्ट नमूद आहे.

३/
व्याजाचा विनियोगही ठरलेला आहे. २००० कार्षापणांवरील व्याज चीवरासाठी, म्हणजे भिक्षूंच्या वस्त्रांसाठी. या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंपैकी प्रत्येकास १२ कार्षापण. आता गणित करून पाहावे. २००० वर दरमहा शेकडा १ म्हणजे महिन्याला २०; वर्षाचे २४०. आणि २० भिक्षूंना प्रत्येकी १२ म्हणजेही २४०. एका नाण्याचाही फरक पडत नाही. दात्याने आधी भिक्षूंची संख्या आणि वस्त्राचा खर्च धरला, आणि मग त्यावरून मुद्दल ठरवले, हे उघड दिसते. उरलेल्या १००० चे व्याज भिक्षूंच्या इतर किरकोळ गरजांसाठी आहे.

४/
येथे एक साहजिक प्रश्न उभा राहतो. घरदार, धन, नाते सोडून बाहेर पडलेल्या माणसाच्या नावे ठेव कशासाठी? तृष्णा हेच दुःखाचे मूळ, असे सांगणाऱ्या धम्माच्या दारात व्याजाचा दर का कोरावा? हा विरोधाभास आहे की ती एक विचारपूर्वक उभी केलेली व्यवस्था आहे? उत्तर शोधण्यासाठी भिक्षूच्या जीवनातील चार मूलभूत गरजा पाहाव्या लागतात : चीवर, भिक्षान्न, निवारा आणि औषध. बौद्ध परंपरेत यांना चार प्रत्यय म्हणतात. विशेष म्हणजे, या चारही गरजांसाठी दिलेल्या दानांचे शिलालेख याच एका डोंगरावर आढळतात.

५/
प्रथम मूळ विचार. सारनाथच्या मृगदावात पाच सोबत्यांना उद्देशून बुद्धांनी जो पहिला उपदेश केला, त्यात चार आर्यसत्ये आहेत. जीवनात दुःख आहे. त्या दुःखाला कारण आहे आणि ते कारण तृष्णा होय. दुःखाचा निरोध शक्य आहे. त्या निरोधाकडे नेणारा मार्ग आहे. वैद्य जसा रोग, निदान, बरे होण्याची शक्यता आणि उपचार या क्रमाने जातो, तशीच ही मांडणी आहे. हा मार्ग अष्टांगिक : सम्यक दृष्टी, संकल्प, वाणी, कर्म, आजीविका, व्यायाम, स्मृती आणि समाधी. भोगाची हाव आणि देहाला छळणारी तपश्चर्या ही दोन्ही टोके टाळून जाणारा म्हणून तो मध्यम मार्ग.

६/
मध्यम मार्ग हे शब्द ऐकायला सोपे वाटतात. व्यवहारात मात्र त्याचे माप ठरवावे लागते. विनयपिटकात ते माप आहे. उपसंपदा, म्हणजे भिक्षुत्वाची दीक्षा, मिळताच नव्या भिक्षूला चार आधार सांगितले जातात : टाकून दिलेल्या चिंध्यांचे वस्त्र, घरोघरी मागून आणलेले अन्न, झाडाचा बुंधा हा निवारा आणि गोमूत्र हे औषध. एवढे मिळाले तरी आयुष्यभर निभावून न्यायची तयारी हवी. लगेच पुढे अधिक लाभही सांगितला जातो : कोणी सुती वा रेशमी वस्त्र दिले, जेवायला बोलावले, विहार बांधून दिला, तूप-मध दिले, तर ते स्वीकारण्यास हरकत नाही. किमान किती हे ठाऊक असलेल्या माणसाला अधिक मिळाल्याने बिघडत नाही, असा यामागचा हिशेब आहे.

७/
हा हिशेब सर्वांनाच मान्य नव्हता. बुद्धांचा चुलतभाऊ देवदत्त याने मागणी केली की भिक्षूंनी जन्मभर अरण्यातच राहावे, केवळ भिक्षा मागूनच खावे, चिंध्याच पांघराव्यात, झाडाखालीच राहावे आणि मासे-मांस कधीही खाऊ नये. हे पाच नियम सर्वांवर सक्तीचे करावेत, असा त्याचा आग्रह होता. बुद्धांनी तो नाकारला. ज्याला अरण्यात राहायचे आहे त्याने राहावे, ज्याला गावाजवळ राहायचे आहे त्याने तेथे राहावे, अशी त्यांची भूमिका होती. विनयातील कथेनुसार यावरूनच देवदत्ताने संघात फूट पाडली. त्रिरश्मीवरील लेणी पुढे शक्य झाली ती या नकारामुळे. देवदत्ताची मागणी मान्य झाली असती, तर सह्याद्रीत एकही विहार कोरला गेला नसता.

८/
पहिली गरज : चीवर. आरंभी भिक्षू उकिरड्यावर आणि स्मशानात पडलेल्या चिंध्या गोळा करून शिवत. पुढे राजवैद्य जीवक याने बुद्धांना एक मौल्यवान वस्त्रजोडी अर्पण केली आणि गृहस्थांनी दिलेली वस्त्रे घेण्याची मुभा सर्व भिक्षूंना मिळावी, अशी विनंती केली. ती मान्य झाली. तरीही वस्त्रे तीनच : कमरेचे अंतरवासक, अंगावरचे उत्तरासंग आणि थंडीसाठी दुहेरी संघाटी. नवे कापडही अखंड वापरायचे नाही. ते कापून, तुकडे जोडून शिवायचे. कापलेल्या कापडाला बाजारात किंमत राहत नाही, त्यामुळे चोराला त्याचा मोह होत नाही आणि नेसणाऱ्याला गर्व.

९/
या जोडणीचा नमुना कोठून आला, याची एक सुंदर नोंद विनयात आहे. मगधातून दक्षिणगिरीकडे जाताना बुद्धांना बांधांनी आखलेली भातशेते दिसली. चौकोनी वाफे, मधले लहान-मोठे बांध, एकमेकांना छेदणाऱ्या रेघा. त्यांनी आनंदाला विचारले की अशा आकाराचे चीवर करता येईल काय. आनंदाने तसे शिवून दाखवले आणि बुद्धांनी त्याच्या कौशल्याची प्रशंसा केली. आजही भिक्षूच्या चीवरावर ते वाफे आणि बांध दिसतात. गोवर्धनच्या विणकरांच्या व्याजातून आलेले कापड त्रिरश्मीवर याच पद्धतीने कापले आणि जोडले जात असणार.

१०/
उषवदाताच्या लेखात एक अट आहे : चीवरधन वर्षावास करणाऱ्यांना. वर्षावास हा बौद्ध आचाराचा कणा आहे. भिक्षूने एका जागी रुतून बसू नये, फिरत राहावे, हा मूळ संकेत. मात्र पावसाळ्यातही भिक्षू हिंडत असत, तेव्हा लोक कुरकुर करू लागले. हे श्रमण कोवळे गवत तुडवतात, लहान जीव चिरडतात. पक्षीसुद्धा पावसाळ्यात घरटे बांधून राहतात, मग यांना काय झाले? ही टीका ऐकून बुद्धांनी नियम केला की आषाढ पौर्णिमेनंतर तीन महिने एकाच ठिकाणी राहावे. फारच निकडीचे काम असेल, तर सात दिवसांपुरते बाहेर जाण्याची सवलत ठेवली. लोकांच्या तक्रारीतून नियम जन्माला आला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

११/
या तीन महिन्यांत काय होई? ध्यान, धम्मश्रवण, पाठांतर. दर पंधरवड्याला उपोसथ : त्या दिवशी संघ एकत्र जमून प्रातिमोक्षाचे, म्हणजे नियमांच्या संचाचे पठण करी. पाळी परंपरेत भिक्षूंचे हे नियम २२७ आहेत. ज्याच्या हातून चूक घडली असेल त्याने ती कबूल करायची. वर्षावासाच्या शेवटी प्रवारणा : प्रत्येक भिक्षू संघापुढे बसून विनंती करतो की माझे जे दोष तुम्ही पाहिले, ऐकले वा ज्यांची शंका आली, ते मला सांगा. ज्येष्ठ भिक्षूही याला अपवाद नाही. तीन महिने एकत्र राहिलेल्या माणसांनी एकमेकांपुढे स्वतःला असे उघडे करणे, हा या साधनेचा कळस मानला गेला.

१२/
त्यानंतर येते कठिन. पावसात चिंब भिजलेली, झिजलेली वस्त्रे घेऊन ३० भिक्षू श्रावस्तीला बुद्धांकडे आले, त्या प्रसंगावरून ही प्रथा सुरू झाली, असे विनय सांगतो. वर्षावास संपल्यावर गृहस्थ कापड देतात आणि भिक्षू एकत्र बसून त्याच दिवशी ते कापतात, शिवतात, रंगवतात. श्रीलंका, म्यानमार, थायलंड या देशांत कठिन हा आजही वर्षातील मोठा उत्सव आहे. नाशिकच्या लेखातील 'वर्षावास' आणि 'चीवर' हे दोन शब्द शेजारी का आले, याचा उलगडा येथे होतो. पावसाळा संपला की नवे वस्त्र, हे या धम्माचे वार्षिक चक्र आहे.

१३/
दुसरी गरज : अन्न. भिक्षू सकाळी पात्र घेऊन मूकपणे दारोदार उभा राहतो. जे पडेल ते घेतो आणि मध्यान्हापूर्वी जेवतो. साठवणे वर्ज्य. परंतु वर्षावासात, भर पावसात, डोंगर उतरून गावात जाणे नेहमीच शक्य नसे. त्यासाठीची तरतूद दहाव्या लेण्याच्याच लेखात सापडते. उषवदाताने वाराहीपुत्र अश्वभूती नावाच्या ब्राह्मणाकडून ४००० कार्षापण देऊन एक शेत विकत घेतले. ते शेत त्या ब्राह्मणाच्या वडिलांचे होते आणि नगराच्या वायव्य सीमेवर होते. त्याच्या उत्पन्नातून लेण्यात राहणाऱ्या सर्व भिक्षूंना, कोणताही भेद न करता, भोजन मिळावे, असा संकेत आहे. राजाच्या जावयानेही शेत ताब्यात न घेता रीतसर विकत घेतले, हे येथे नोंदले गेले.

१४/
तिसरी गरज : निवारा. विनयातील कथेनुसार राजगृहाच्या एका श्रेष्ठीने भिक्षूंना पहाटे झाडांखालून, कड्यांतून, स्मशानांतून येताना पाहिले आणि त्यांच्यासाठी निवारे बांधण्याची इच्छा दर्शवली. तेव्हा बुद्धांनी पाच प्रकारच्या निवाऱ्यांना अनुमती दिली. त्यांतील एक म्हणजे गुहा. या पाचांना पाळीत जो सामान्य शब्द आहे तो 'लेण', म्हणजे आश्रयस्थान. नाशिकच्या शिलालेखांतही 'लेण' हाच शब्द आहे. मराठीत आजही लेणे हा शब्द उच्चारला जातो, तेव्हा नकळत विनयपिटकातील तो जुना शब्द उच्चारला जातो. भिक्षूसाठी लेणे म्हणजे पावसापासून आडोसा; दगडी ओटा आणि लहानशी खोली, एवढेच त्याचे वैभव.

१५/
चौथी गरज : औषध. एकदा अतिसाराने पीडित एक भिक्षू स्वतःच्याच घाणीत पडलेला बुद्धांना आढळला. तो कोणाच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. मग संघाला जमवून त्यांनी सांगितले की घर सोडून आलेल्यांना येथे आई-बाप नाहीत; भिक्षूंनीच एकमेकांची शुश्रूषा करायला हवी, आणि रोग्याची सेवा ही आपलीच सेवा मानावी. पुढे तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ ही पाच औषधे सात दिवसांपर्यंत जवळ ठेवण्याची परवानगी मिळाली.

१६/
त्रिरश्मीवर या चौथ्या गरजेची सोय एका स्त्रीने केली. आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या राज्यवर्षातील लेख सांगतो की शक अग्निवर्मा याची कन्या, गणपक रेभिल याची पत्नी आणि गणपक विश्ववर्मा याची माता असलेल्या उपासिका विष्णुदत्ता हिने, डोंगरावरील विहारात राहणाऱ्या चातुर्दिश संघातील आजाऱ्यांच्या औषधोपचारासाठी अक्षयनीवि दिली. तिची रक्कमही गोवर्धनच्या वेगवेगळ्या श्रेणींत विभागलेली होती. त्यांत उदयंत्रिक, म्हणजे जलयंत्रे चालवणारे, आणि तेल गाळणारे यांच्या श्रेणी होत्या. हेतू काय, तर सर्व प्राणिमात्रांचे हित आणि सुख. चातुर्दिश संघ म्हणजे चारही दिशांनी येणाऱ्या भिक्षूंचा संघ. कोणत्याही दिशेने आलेला आजारी माणूस त्या औषधाचा हक्कदार.

१७/
आता पैशाचा प्रश्न. सोने-रुपे स्वीकारणे भिक्षूला निषिद्ध आहे. बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर १०० वर्षांनी वैशालीचे भिक्षू उपोसथाच्या दिवशी पाण्याने भरलेले काशाचे पात्र ठेवून गृहस्थांना त्यात कार्षापण टाकायला सांगू लागले. यश नावाच्या भिक्षूने याला जाहीर विरोध केला; त्यातून दुसरी संगीती भरली आणि ती प्रथा विनयबाह्य ठरली. त्याच नाण्याचे नाव नाशिकच्या लेखात आहे. फरक व्यवस्थेत आहे : मुद्दल श्रेणीकडे राहते, ते मोडण्याचा अधिकार कोणालाच नाही, आणि व्यवहार नगराच्या सभेपुढे नोंदलेला आहे. श्रद्धावान गृहस्थाने पैसा मध्यस्थाकडे सोपवावा आणि त्यातून भिक्षूने केवळ ग्राह्य वस्तू घ्यावी, ही मुभा विनयात आधीच होती. तरीही वैशालीच्या पात्रापासून हे अंतर फार मोठे नव्हते, आणि संघाला ते सतत जपावे लागले.

१८/
मग गृहस्थाला काय मिळत होते? बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणारा उपासक पाच शीले पाळतो : हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य आणि मद्य यांपासून दूर राहतो. त्याच्या साधनेचा पहिला धडा मात्र दान हा आहे. तृष्णा म्हणजे मुठीत धरून ठेवणे. दान म्हणजे ती मूठ उघडण्याचा सराव. त्रिरश्मीवरील दात्यांची यादी या दृष्टीने वाचावी. उत्तरेकडील दत्तामित्रीचा योनक, म्हणजे ग्रीक वंशाचा, इंद्राग्निदत्त येथे आहे. चेतिक उपासकांपैकी दासक मुगूदास आपल्या परिवारासह येथे आहे. 'दासक' हा शब्द कोळी या अर्थाने घेतला जातो. नाशिकच्या रहिवाशांनी सामूहिकपणे दिलेले दानही आहे. क्षत्रपाचा जावई आणि मासे पकडणारा कोळी एकाच कातळावर, एकाच संघाचे दाते म्हणून नोंदले गेले.

१९/
दाता केवळ बौद्धच असे, असेही नाही. उषवदाताच्या लेखांत त्याने ब्राह्मणांना दिलेली १६ गावे, ३ लाख गायी, वर्षभर घातलेली ब्राह्मणभोजने, पुष्कर तीर्थातील स्नान आणि नद्यांवर केलेली नौकांची सोय यांचाही अभिमानाने उल्लेख आहे. तोच मनुष्य कार्ल्याच्या लेण्यांत वर्षावास करणाऱ्या भिक्षूंसाठी करजिक गाव देतो. त्या काळातील दात्याला यात विसंगती वाटत नव्हती. संघाने हे दान स्वीकारले, कारण दात्याचा पंथ तपासण्याचा नियम नव्हता. स्वीकारणाऱ्याचे आचरण कसे आहे, हे मात्र दर पंधरवड्याला तपासले जाई.

२०/
येथवर सर्व सुरळीत वाटते. परंतु या लेखातच एक तिढा आहे. बुद्धांची शिकवण आहे की जे जे घडलेले आहे ते ते अनित्य आहे. कारणे जुळली की वस्तू उत्पन्न होते, कारणे सरली की ती नष्ट होते. आणि लेण्याच्या भिंतीवर शब्द आहे 'अक्षय'. हा शब्द फार काळ टिकला नाही. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरातांचा पराभव केला. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे नहपानाच्या १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःची चिन्हे पुन्हा उमटवलेली होती. राज्य बदलले, हे नाण्यांवरच वाचता येते.

२१/
तरीही संघ उघड्यावर पडला नाही. गौतमीपुत्राने आपल्या १८ व्या वर्षी, विजयी सेनेच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा पाठवली : पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले काखडी गावचे २०० निवर्तने शेत त्रिरश्मीच्या भिक्षूंना द्यावे, त्यात राजपुरुषांनी शिरू नये, मिठासाठी ते खणू नये. जित राजाच्या जावयाची जमीन जेत्याने त्याच डोंगरावरील संघाला दिली. सहा वर्षांनी, २४ व्या वर्षी, दुसरी आज्ञा निघाली. काखडीचे शेत कोणी कसत नाही, गाव ओस पडले आहे; म्हणून नगराच्या सीमेवरील राजकीय शेतातून १०० निवर्तने भिक्षूंना द्यावीत. या वेळी आज्ञेत राजमातेचेही नाव आहे. दगडावर कोरलेले दान सहा वर्षांत निरुपयोगी झाले होते. ते टिकले, कारण कोणीतरी लक्ष ठेवून ते पुन्हा दिले.

२२/
पुढची काही शतके असेच चालले. पुळुमावीच्या काळात त्याची आजी गौतमी बलश्री हिने याच डोंगरावर भद्रायणीय भिक्षूंना एक भव्य लेणे दिले. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू युआन श्वांग महाराष्ट्रात आला, तेव्हा त्याने येथे १०० हून अधिक संघाराम आणि सुमारे ५००० भिक्षू असल्याचे लिहून ठेवले. नवव्या शतकात कान्हेरीला गौड देशातून आलेल्या एका उपासकाने १०० द्रम्मांची ठेव दिली. तिच्याही उद्दिष्टांत भिक्षूंची वस्त्रे होती. नाणे बदलले होते, हिशेब तोच होता. नंतर मात्र देणारे हात हळूहळू अन्यत्र वळले. मागून जगणारा संघ साठवून ठेवत नाही. दाता गेला की तोही जातो. लेणी रिकामी झाली, लिपी विसरली गेली आणि एवढे मोठे काम कोणी केले असेल, याचे उत्तर म्हणून लोकांनी पांडवांचे नाव दिले.

२३/
एकोणिसाव्या शतकात रामकृष्ण गोपाळ भांडारकर, भगवानलाल इंद्रजी आदी अभ्यासकांनी हे लेख वाचले आणि डोंगराचे खरे धनी पुन्हा समोर आले. याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. याच जिल्ह्यात, येवल्याला, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांच्या मृत्यूनंतर, १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या धम्मग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी एक रोखठोक प्रश्न विचारला आहे : बुद्धांनी भिक्षू निर्माण केला तो परिपूर्ण व्यक्ती घडवण्यासाठी, की लोकांची सेवा करणारा मित्र आणि मार्गदर्शक घडवण्यासाठी? धम्माचे भवितव्य त्यांनी या प्रश्नाच्या उत्तराशी जोडले.

२४/
त्रिरश्मीवरील हिशेब या प्रश्नाच्या उजेडात पुन्हा वाचता येतो. विणकराच्या मागावरून आलेले व्याज, शेतातून आलेले अन्न, तेल गाळणाऱ्यांकडून आलेले औषध : भिक्षूच्या प्रत्येक दिवसावर कोणाचे तरी श्रम जमा होते. विनय त्याला हे विसरू देत नव्हता. चार प्रत्ययांचा उपयोग करताना रोज चिंतन करायचे असते, की हे वस्त्र थंडी-वारा आणि लज्जा यांच्या निवारणापुरते, हे अन्न देह टिकण्यापुरते, हा निवारा ऋतूच्या त्रासापुरता, हे औषध वेदना शमण्यापुरते. 'पुरते' या शब्दात मध्यम मार्गाचे माप आहे, आणि त्या मापापलीकडे गेलेला संघ समाजाला जड होतो, याची जाणीवही आहे.

२५/
गोवर्धनच्या श्रेणी आता नाहीत, २००० कार्षापणांचे मुद्दल केव्हाच विरले. वर्षावास मात्र महाराष्ट्रात परतला आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या, वस्त्यांमधल्या विहारांत संध्याकाळी माणसे जमतात. त्रिशरण आणि पंचशील होते, आणि बाबासाहेबांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे काही पानांचे वाचन होते. अनेक ठिकाणी भिक्षू नसतो. वाचणारी एखादी गृहिणी असते, निवृत्त कामगार असतो, शाळेतली मुलगी असते. समाप्तीच्या दिवशी खीर होते, भिक्षू आला तर त्याला चीवर दिले जाते. त्या चीवरावर अजूनही भातशेताचे वाफे आणि बांध शिवलेले असतात.

(समाप्त)